बुधवार-शुक्रवारचं पोर्क : आमची वाटचाल

इंदूरजवळच्या महूला लष्कराची छावणी आहे म्हणून आमचा धंदा उभा राहिला. इन्फन्ट्री स्कूल, आर्मी वॉर कॉलेज अशा संस्थांमुळे देशभरातली कुटुंबं तिथे बदलीवर येतात. नागालँड-मिझोरामच्या, कूर्गच्या घरांत पोर्क नेहमीचंच. इंदुरात मात्र ते विकायला जागा मिळेना. भाडं ठरायचं आणि काय विकणार हे कळलं की फिसकटायचं. शेवटी इंदूर-महू रस्त्यावरच्या राऊ गावाकडे एक गाळा मिळाला. फ्रीजर आणि परवान्याचं यजमानांनी पाहिलं, हिशेब आणि गिऱ्हाईक मी.

सुरुवातीच्या ऑर्डरी मेसच्या. त्यांना हवं चरबीचं, हाडाचं, मोठ्या पातेल्यात सावकाश शिजणारं. टेंडरलॉइन म्हणजे पाठीच्या कण्याला आतून लागून असलेला लांबट स्नायू; एका जनावरात दोनच निघतात, प्रत्येकी साधारण अर्धा किलो. त्या स्नायूला फारसं काम नसतं, म्हणून ते सगळ्यात मऊ. तेच रश्श्यात तासभर रटरटताना पाहून जीव हळहळायचा.

इंदुरातल्या आमच्या राजेंद्रनगरच्या मराठी घरांत सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उरले बुधवार, शुक्रवार आणि रविवार. रविवारी मटणाला वेळ असतो. बुधवारी साडेसातला ऑफिसातून आलेल्या बाईला वीस मिनिटांत होणारं काहीतरी हवं असतं. टेंडरलॉइन तिच्यासाठीच आहे, हे मला पटलं होतं. म्हणून ते साफ करून, मसाला लावून पाकिटात द्यायला लागलो.

खरी मेहनत साफ करण्यात आहे. त्यावर एक चकचकीत पांढरा पडदा असतो. तो शिजून विरघळत नाही, उलट आकसतो आणि तुकडा वाकडा करतो. पातळ सुरीचं टोक त्याखाली घालायचं, पातं किंचित वर रोखायचं आणि पट्टी ताणून धरत सोलायची. आमच्याकडच्या दोघी हे इतकं सफाईनं करतात की पडद्याला मांसाचा कण लागत नाही.

मसाला साधा : आलं, लसूण, भरडलेली मिरी, थोडा गूळ, मीठ. लिंबू घरी शेवटी पिळायचं. आंबट आधी लावून ठेवलं तर मांस भुसभुशीत होतं. बोटभर जाडीच्या चकत्या, तापलेला लोखंडी तवा, चमचाभर तेल, एका बाजूला तीन-चार मिनिटं, मग उलटून तेवढंच. उतरवल्यावर पाच मिनिटं झाकून ठेवा, रस आत मुरतो. सोबत पोळी आणि काकडीची कोशिंबीर, की जेवण झालं. कुकर मात्र लावू नका. चरबी जवळपास नसल्यानं तीन शिट्ट्यांत त्याचा चोथा होतो.

‘कच्चं राहिलं तर?’ हा प्रश्न रोज येतो आणि तो रास्त आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यानं 2011 मध्ये अख्ख्या तुकड्यांसाठी 63 अंश सेल्सिअस आणि तीन मिनिटं विसावा पुरेसा ठरवला. तरी डुकराच्या मांसातून येणारा पट्टकृमी आपल्याकडे अजून आहे, म्हणून आम्ही 70 सांगतो. तेवढ्यातही ते रसाळ राहतं. नव्या गिऱ्हाइकाला आम्ही मांसात खुपसायचा थर्मामीटर काही दिवस वापरायला देतो.

श्रावणात मराठी घरांची मागणी बसते, तेव्हा महूच्या ऑर्डरी सांभाळून घेतात. आता एकट्या राहणाऱ्यांसाठी अर्ध्या टेंडरलॉइनचं पाकीटही काढलंय. शुक्रवारसाठी गुरुवारी दुपारपर्यंत सांगावं लागतं. माल मोजकाच असतो आणि मसाला रात्रभर मुरवावा लागतो.