कापलेला हातमोजा

नागपूरजवळच्या हिंगणा औद्योगिक वसाहतीत पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी होतो, तेव्हाची ही गोष्ट आहे. कारखाने अधिनियम १९४८ नुसार हे पद सर्वसाधारणपणे १,००० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या ठिकाणी सक्तीचे होते. आमच्याकडे जेमतेम दोनशे माणसे होती, पण माल घेणाऱ्या एका मोठ्या ग्राहकाने अट घातल्यामुळे माझी नेमणूक झाली होती. मी मुळात दाखवण्यापुरता होतो, आणि ते मला ठाऊक असल्यामुळेच असेल, डोळ्यांत भरेल असे काहीतरी करण्याची मला घाई झाली होती. त्या घाईतून फाटकाजवळ एक मोठा फलक लागला : ‘अपघाताविना दिवस’. ५०० दिवस पूर्ण झाले की प्रत्येक कामगाराला एक प्रेशर कुकर मिळेल, असे मी ४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनाच्या कार्यक्रमात व्यवस्थापनाच्या संमतीने जाहीर केले होते.

मे महिन्यातल्या त्या दिवशी फलकावर ४१२ हा आकडा होता. पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला होता आणि पत्र्याच्या छताखाली कूलरची हवासुद्धा गरम लागत होती. अकराच्या सुमारास झाडलोट करणाऱ्या मावशी वर्तमानपत्रात गुंडाळलेले काहीतरी घेऊन माझ्या खोलीत आल्या आणि ते टेबलावर ठेवून दोन पावले मागे सरकल्या. “साहेब, कचऱ्याच्या ड्रममंधी भेटलं. माह्यानं नाही पाहवत जी. आतमंधी बोट तं नाही ना?”

आत सुती हातमोजा होता. तर्जनी आणि मधल्या बोटाची टोके चपटी होऊन सरळ रेषेत कापली गेली होती. आत बोट नव्हते आणि रक्ताचा एक डागही नव्हता. ते पाहून मला हायसे वाटले, पण लगेच लक्षात आले की कोणाच्या तरी बोटापासून मोजून अर्ध्या इंचावर प्रेस, म्हणजे ठोका मारून पत्र्याला भोक पाडणारे यंत्र, खाली आली होती आणि त्याबद्दल सकाळपासून कोणी एक शब्दही बोलले नव्हते.

प्रेस शॉपमध्ये जाऊन मी जे केले त्याची मला आजही लाज वाटते. शाळेत मास्तर नखे तपासतात तसे मी सगळ्यांना हात पुढे करायला लावले. सगळ्यांची दहाही बोटे शाबूत होती, सगळ्यांच्या माना खाली होत्या, आणि सुपरवायझर मोजा जुना असावा असे सांगत होता. पण मोजे सोमवारी नवेच वाटले होते. शेवटी स्टोअरमधल्या मुलाने नोंदवही उघडली : तेलाने माखले असे सांगून एकाच माणसाने त्या सकाळी दुसरी जोडी नेली होती. हा माणूस माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा आणि कामात सगळ्यांत सावध म्हणून ओळखला जाणारा होता, आणि म्हणूनच मला ते पटेना.

जेवणाच्या सुट्टीत कडुनिंबाखाली मी त्यांच्याजवळ बसलो. “भाऊ, सांगितलं का नाही?” असे विचारल्यावर त्यांनी आधी डब्याचे झाकण लावले आणि मग म्हणाले, “बोट तं वाचलं होतं, साहेब. सांगितलं असतं तं बोर्डावर झिरो आला असता. माह्या एका बोटापायी दोनशे घरचे कुकर गेले असते. त्याईले काय तोंड दाखवलं असतं मी?”

मी काहीच बोलू शकलो नाही, कारण तो फलक माझा होता.

मग त्यांनी मला यंत्र दाखवले. त्या प्रेसला दोन बटणे होती. दोन्ही हात बटणांवर गुंतलेले असले म्हणजे ते साच्यात जाऊ शकत नाहीत, हा त्यामागचा विचार. नव्या यंत्रांत प्रत्येक ठोक्यानंतर दोन्ही बटणे सोडून पुन्हा जवळजवळ एकाच क्षणी दाबावी लागतात, त्यामुळे एक बटण कायमचे दाबून ठेवता येत नाही. आमचे यंत्र जुने होते आणि डाव्या बटणात लाकडाची बारीक पाचर ठोकलेली होती. आळसापायी केले असेल, असे मी मनाशी ठरवून टाकले होते. प्रत्यक्षात साच्यातली लोकेटर पिन झिजली होती. पत्र्याचा तुकडा ज्या पिनेला टेकून स्थिर राहायचा, तीच नसल्यासारखी झाल्यामुळे तुकडा सरकत होता, आणि एका हाताने तो धरून ठेवल्याशिवाय भोक जागेवर पडत नव्हते. भंगारातले तुकडे घेऊन, पाचर काढून, दोन्ही बटणे दाबत मी स्वतः वीस ठोके मारून पाहिले. त्यांतले सात तुकडे वाया गेले. वाया गेलेल्या मालाचा हिशेब कामगाराच्या प्रोत्साहन भत्त्यातून होत असे. देखभाल विभागाच्या वहीत पिनेची तक्रार तीन वेळा लिहिलेली होती आणि तिन्ही वेळा समोर एकच शेरा होता : ‘स्पेअर मागवले आहे.’

सुरक्षेच्या अभ्यासक्रमात आम्हाला अमेरिकेतला हर्बर्ट हाइनरिक शिकवला होता. विमा कंपनीत काम करणाऱ्या या माणसाने १९३१ मध्ये लिहिले की ८८ टक्के अपघात माणसांच्या असुरक्षित कृतींमुळे होतात. पुढे त्याच्या आकड्यांवर बरीच टीका झाली, कारण ते ज्या अहवालांवरून काढले होते, त्यांत दोष कोणाचा हे बहुधा कामगाराच्या वरचाच माणूस लिहीत असे. परीक्षेत ८८ लिहून मी गुण मिळवले होते. त्या दुपारी मात्र मी माझीच गेल्या आठवड्याची तपासणी सूची काढून पाहिली. ‘दोन हातांचे नियंत्रण : ठीक’ असे तिच्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेले होते. पाचर तेव्हाही तिथेच होती आणि ती मला दिसलीही होती. यंत्र चालू होते, दुपारपर्यंत बारा सूच्या भरायच्या होत्या, आणि मी पुढे गेलो होतो. ती माझी कृती ८८ टक्क्यांत धरायची की उरलेल्या १२ मध्ये, हे मला ठरवता आले नाही.

संध्याकाळी व्यवस्थापकांनी त्या कामगाराला निलंबित करावे असे सुचवले. कायद्याचा आधार त्यांच्याकडे होता. सुरक्षेच्या साधनात कामगाराने जाणूनबुजून ढवळाढवळ करू नये, असे कारखाने अधिनियमाचे कलम १११ सांगत होते. मी एवढेच म्हणालो की आज मोजा निदान कचऱ्यात सापडला, यांना काढले तर पुढचा मोजा जळून जाईल आणि आपल्याला काहीच कळणार नाही. ते चिडले, पण त्यांनी सही केली नाही. प्रेस त्याच रात्री बंद ठेवली आणि पिन, जी तीन महिने येत नव्हती, ती चौथ्या दिवशी आली. एक बटण दाबून ठेवले तर यंत्र चालणारच नाही, असा फेरफार जुन्या प्रेसमध्ये करून घ्यायला मात्र पावसाळा उजाडला, आणि तोवर त्या यंत्रावर चिमट्याशिवाय काम द्यायचे नाही एवढेच माझ्या हातात होते.

फलक मी दुसऱ्या दिवशी उतरवला. त्यावर कामगारांतच कुरबुर झाली आणि ती रास्त होती, कारण कुकरचा शब्द मी दिला होता. खूप घासाघीस करून ते दिवाळीला, कोणताही आकडा न मोजता, सगळ्यांना मिळाले. फलकाच्या जागी दोरीला बांधलेली एक साधी वही आली. थोडक्यात चुकलेली कोणतीही गोष्ट त्यात लिहायची आणि नाव घालण्याची सक्ती नाही. पहिले दोन दिवस ती कोरीच राहिली. तिसऱ्या दिवशी मावशींनी सांगितले तसे मी लिहिले : ‘ड्रममध्ये हातमोजा मिळाला. बोट नव्हते.’ त्याखाली मी पाचरेची नोंद केली, ती मला कोणत्या तारखेला दिसली होती ते लिहिले आणि माझे नाव घातले.