मार्कांच्या बाहेरची यादी

ठाण्याला फोन लावला की आईचा प्रश्न ठरलेला, पोरांना परीक्षेत किती मिळाले? इथे बवेरियातल्या शाळेत १ म्हणजे सगळ्यात भारी आणि ६ म्हणजे बोंबच, त्यामुळे लेकीला गणितात १ मिळाला म्हटल्यावर नौपाड्यात जी शांतता पसरली ती मला म्युनिकपर्यंत ऐकू आली :)

पण इथे मार्कांचं टेन्शन नसतं असं समजू नका हं. चौथीत मे महिन्यात एक रिझल्ट हातात देतात, जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास, तिन्हींची सरासरी २.३३ पर्यंत आली तर मूल थेट गिम्नाझियमला (पुढे विद्यापीठाकडे नेणारी शाळा), २.६६ पर्यंत रेआलशूलेला (दहावीपर्यंतची मधली शाळा). नंतर वाट बदलता येते, मान्य, तरी दहा वर्षांच्या पोराचं असं ठरवणं मला नाहीच पटत.

म्हणून आम्ही दर वाढदिवसाला घरात वेगळी यादी करतो, वर्षभरात स्वतःचं स्वतः काय यायला हवं त्याची. अर्धी आयडिया इथलीच. छोट्या पोरांना झेपफेर्डशन नावाचा पोहण्याचा बॅज मिळतो, काठावरून उडी मारायची, २५ मीटर पोहायचं, खांद्याएवढ्या पाण्यातून हाताने वस्तू वर काढायची आणि पाण्यातले नियम माहीत हवेत, झालं. चौथीत तर पोलीस येऊन सायकल शिकवतात आणि परीक्षा घेतात!

उरलेली यादी ठाण्याची. इथली उन्हाळी सुट्टी ऑगस्ट ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, त्यामुळे गणपती बऱ्याचदा त्यात बसतात. धाकट्याला सातव्या वर्षी देवनागरी वाचता यायला हवं असं ठरलेलं, तर पठ्ठ्या स्टेशनपासून रिक्षात दुकानांच्या पाट्या ओरडून वाचत होता, रिक्षावाले काका वैतागले बिचारे. लेकीला आरत्या पुस्तकात न बघता म्हणायच्या होत्या (जमल्या, शेवटच्या कडव्यात जरा गडबड) आणि जांभळी नाक्यावरून एकटीने भाजी आणायची होती, तीही भाव करून. आई लांबून मागेमागे होती हे तिला अजून माहीत नाही. भाव काही झाला नाही, मावशींनी सांगितले तेवढे पैसे देऊन बाई थँक्यू म्हणून आली, वर कोथिंबीर मात्र फुकट!

आता अकरावं लागलंय तर म्हणते ठाण्याहून दादरला मामाकडे लोकलने एकटी जाते. नवरा लगेच हो म्हणाला, मी नाही. सध्या दुपारची वेळ, लेडीज डबा आणि सोबत मोठी मामेबहीण, इथवर तडजोड आलीये.