सॉफ्टबॉलचं मैदान, काळ्या मातीत

आमच्या तालुक्याच्या गावात मैदान तयार करायचं म्हटलं की सगळ्यांना आधी रोलर आठवतो. इथे मैदान म्हणजे क्रिकेटचं, त्यात कुणाचा दोष नाही. यंदा शालेय सॉफ्टबॉल स्पर्धा आमच्याकडे होणार असं ठरलं आणि मंडळातल्या लोकांनी आखणी-डागडुजीचं काम माझ्या गळ्यात घातलं. मी शाळेत असताना कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे चेंडू झेलणारी होते, एवढंच माझं भांडवल. पहिला वाद झाला तो रोलरवरूनच.

"ताई, काहून थांबवता? अजून दोन फेऱ्या मारतो, सिमेंटावानी करून देतो," रोलरवाले दादा म्हणाले.

सिमेंटासारखं नकोच होतं. सॉफ्टबॉलमध्ये मुली बेसवर, म्हणजे धावून गाठायच्या चौकोनाच्या कोपऱ्यांवर, घसरत येतात. खालची जमीन घट्ट आणि तिच्यावर जेमतेम अर्धा-पाऊण सेंटीमीटर सुटी, बारीक माती, असा थर लागतो. वरचा थर नसेल तर मांड्या सोलून निघतात. जास्त झाला तर पाय रुततो आणि घोटा मुरगळतो. दादांना हे तोंडी पटलं नाही. सरावाला आलेल्या एका मुलीने कोपरापर्यंतचं खरचटलेलं दाखवलं, तेव्हा त्यांनी रोलर बाजूला लावला.

खरं काम त्याआधी, उन्हाळ्यातच सुरू झालं होतं. आमची माती काळी, कापसाची. पाऊस पडला की फुगते, चपलेला किलोकिलोने चिकटते. ऊन लागलं की भेगाळते. अशा मातीवर इनफिल्ड, म्हणजे बेसच्या आत-भोवतीचा मातीचा भाग, टिकत नाही. म्हणून इनफिल्डपुरती काळी माती वीतभर खोल काढून तिथे मुरूम भरला. मुरूम खाणीतून येतो तसा टाकायचा नसतो. खाली जाड चालतो, पण वरच्या तीन-चार बोटांसाठी रेती चाळायच्या जाळीतून काढावाच लागतो, नाहीतर चेंडू खड्यावर आपटून थेट तोंडावर उडतो. सॉफ्टबॉल नावालाच सॉफ्ट. चेंडूचा घेर 12 इंच असतो आणि लागला की चांगलाच लागतो.

नुसता मुरूमही बसत नाही, वाऱ्याने उडतो. त्याला धरून ठेवायला थोडी चिकण माती हवी, आणि ती आमच्याकडे फुकट पडलेली होती! किती मिसळायची हे ठरवायला लोणच्याची रिकामी बरणी घेतली. तिच्यात अर्धी माती, वर पाणी, चिमूटभर कपडे धुण्याची पावडर टाकून खूप हलवली आणि खिडकीत ठेवून दिली. रेती मिनिटाभरात तळाशी बसते, गाळ तास-दोन तासांत, चिकण माती बसायला दिवस जातो. थर दिसले की पट्टी लावून मोजायचे. साधारण दोन तृतीयांश ते पाऊण हिस्सा रेती आली की मिश्रण जमलं. आमच्या पहिल्या बरणीत चिकण मातीचा थर फार जाड दिसला, तेव्हा मुरूम वाढवला.

उताराचं श्रेय गवंडीकाकांचं. पारदर्शक नळीत पाणी भरून त्यांनी पातळी काढली आणि मधून बाहेरच्या बाजूला शंभर फुटांत सहा इंच ते फूटभर उतार दिला. नजरेला तो दिसत नाही, पाण्याला मात्र बरोबर कळतो. पिचरसाठी, म्हणजे चेंडू टाकणारीसाठी, उंचवटा करायचा का, असं दोघा-तिघांनी विचारलं. तो बेसबॉलला असतो. सॉफ्टबॉलमध्ये पिचर उभी राहते ते वर्तुळ सपाट.

आखणीची लोकांना उगाच भीती वाटते, ती सगळ्यात सोपी. होम प्लेट, म्हणजे बॅटर जिच्याजवळ उभी राहून फटका मारते ती टोकदार पाटी, तिचं मागचं टोक पक्कं करायचं, तिथे खुंटी ठोकायची आणि सगळं तिथूनच मोजायचं. बेस ते बेस 60 फूट, म्हणजे 18.29 मीटर. होमपासून सेकंड बेसपर्यंतचा कर्ण 25.86 मीटर. कर्ण आधी टाकला, मग होमवरून आणि सेकंडवरून दोन टेप 18.29 वर ताणले, की जिथे मिळतात तिथे फर्स्टचा कोपरा. तसाच पलीकडे थर्डचा. काटकोन आपोआप येतो. मात्र फर्स्ट आणि थर्डचे बेस चौकोनाच्या आत बसतात आणि सेकंडचा मध्य कोपऱ्यावर येतो, हे ध्यानात ठेवायचं. टेप पोलादी हवा, कापडी ताणला जातो. सुतळीऐवजी नायलॉनची दोरी, कारण सुतळी ओली झाली की आखडते.

पिचिंगचं अंतर होमच्या टोकापासून पिचर जिच्यावर पाय ठेवते त्या पट्टीच्या पुढच्या कडेपर्यंत मोजतात. महिलांसाठी 13.11 मीटर, पुरुषांसाठी 14.02. लहान गटांना ते कमी असतं, म्हणून स्पर्धेच्या पत्रकात काय लिहिलंय ते सरांना आधीच विचारून घ्यावं. बॅटरच्या चौकटीसाठी सुताराकडून 0.91 बाय 2.13 मीटरची लाकडी फ्रेम करून घेतली. ती ठेवायची, कडेने फक्की सोडायची, उचलायची. एकच गोष्ट सांभाळा: दुकानदार पांढरी पावडर म्हणून भिंतीचा चुना गळ्यात मारतो. तो घामाने, पाण्याने भाजतो, डोळ्यांत गेला तर फार वाईट. फक्की म्हणजे चुनखडीचीच भुकटी हवी.

स्पर्धेच्या आदल्या रात्री पाऊस आला. येणारच होता, दिवस पावसाचेच. सकाळी सेकंड बेसच्या मागे आणि होमपाशी डबकी, आणि चार उत्साही पोरं खराटे घेऊन हजर. त्यांना हात जोडून थांबवलं. खराट्याने पाणी ढकललं की माती बरोबर जाते, खड्डा वाढतो आणि पुढच्या पावसाला डबकं दुप्पट होतं. पाणी स्पंजने आणि जुन्या चादरींनी टिपून बादलीत पिळायचं. कोरडी माती वर ओतायची नाही, भुसा तर नाहीच. तो कुजतो आणि जागा कायमची पोचट होते. आम्ही वीटभट्टीवरून आणलेला विटांचा बारीक चुरा पातळ पसरला. भाजलेली माती ओल ओढून घेते. मग वाट पाहायची. हेच कठीण, कारण तोवर तीन शाळांच्या बस येऊन उभ्या होत्या आणि प्रत्येक सर येऊन "अजून किती वेळ?" विचारत होते.

उत्तर घड्याळात नसतं, मुठीत असतं. माती मुठीत दाबायची. लाडू वळला आणि बोटाने टिचकी मारल्यावर फुटला, तर मैदान तयार. हाताला लागली तर थांबा, वळलाच नाही तर उलट पाणी मारा.

सामन्यांच्या मधल्या वेळात तारेच्या जाळीचा तुकडा, त्यावर वजनाला फळी, असं ओढून माती सारखी करायची. पोरांना तो मोटरसायकलला बांधायचा होता. बांधू दिला, पण चालीच्या वेगानेच. जोरात नेलं की माती लाटेसारखी कडेला फेकली जाते. गवताच्या कडेपासून हातभर आधी थांबायचं. गवतात माती साचत गेली की बांध तयार होतो, पाणी अडतं आणि घरंगळत आलेला चेंडू तिथे उसळतो. बेसच्या रेषांवर दंताळं लांबीतच मारायचं, आडवं मारलं की मधे नाळ पडते.

पिचरच्या पट्टीपुढे आणि बॅटरच्या चौकटीत खड्डे पडतातच. आधी सुटी माती बाहेर काढायची, खड्डा ओला करायचा, मग चिकण मिश्रण पातळ थरांत भरून प्रत्येक थर धुम्मसने ठोकायचा. कोरड्यावर कोरडं टाकलं तर पहिल्याच इनिंगला निघून येतं. कॅचरच्या जागेकडे कुणी बघत नाही. मी बघते.

स्पर्धा झाली, आणि आठवड्याभरात मांडववाल्यांनी कार्यक्रमासाठी नेमके इनफिल्डमध्येच खड्डे खणून खांब रोवले. आता मंडळाने अर्ज दिलाय की मांडव आउटफिल्डच्या, म्हणजे इनफिल्डबाहेरच्या मैदानाच्या, पलीकडे घालावा. बेसच्या कोपऱ्यांवर आधी लोखंडी पाईप पुरले होते, ते भंगारात गेले. त्यांच्या जागी प्लास्टिकच्या पाईपचे तुकडे जमिनीखाली दोन बोटं पुरून, टोकाला लाल चिंधी बांधून ठेवल्यात. पुढच्या वेळी मोजायचा त्रास नको. ऑक्टोबरचं ऊन लागलंय, बाहेरची काळी माती तडकायला लागलीये. मुरमाच्या कडेने भेगा आत येऊ नयेत म्हणून संध्याकाळी तिथे पाणी मारायला कुणीतरी लागतं, आणि त्याची पाळी ठरवण्यावरून सध्या मंडळात नवा वाद चालू आहे.