ओशिमाचे पिक्चर आणि माझी घालमेल

टोकियोत जुने पिक्चर दाखवणारी छोटी छोटी थिएटरं अजून टिकून आहेत, त्यामुळे सध्या नागिसा ओशिमा या जपानी डिरेक्टरच्या मागे लागलेय आणि डोक्याचा पार भुगा झालाय. घरी फोनवर सांगायचं तर कुठून सुरुवात करू कळत नाही, म्हणून इथे लिहिते.

आधी ‘शोनेन’ (१९६९) पाहिला. बाप आणि सावत्र आई दहा वर्षांच्या पोराला मुद्दाम चालत्या गाडीवर आदळायला लावतात आणि मग ड्रायव्हरकडून पैसे उकळतात, आणि हे खऱ्या घटनेवरून घेतलंय. शेवटी होक्काइदोत बर्फात तो पोरगा धाकट्या भावासाठी स्नोमॅन करतो, परग्रहावरच्या माणसाची गोष्ट सांगतो आणि मग स्वतःच लाथा मारून तो फोडून टाकतो. रडत नाही, ओरडत नाही, नुसता फोडत राहतो. मला तिथे बसवेना. मग ‘कोशिकेइ’ (१९६८), मुलींच्या खुनासाठी कोरियन तरुणाला फाशी देतात आणि तो मरतच नाही, सरकारी माणसांची नुसती तारांबळ. जपानमधल्या कोरियन लोकांबद्दल त्या काळात इतकं तोंडावर बोलायला छाती लागते. पण ज्या मुलींचा खून झाला त्या कोण होत्या, हे मात्र त्यात कुठेच हाताला लागत नाही आणि तिथेच माझं बिनसायला लागलं.

मग तो १९७६ चा, ज्याच्यामुळे सगळं जग त्याला ओळखतं, ‘आइ नो कोरीडा’. त्यात शरीरसंबंध उघड दाखवलेत. शूटिंग जपानात, पण इथला अश्लीलतेचा कायदा आडवा येईल म्हणून फिल्म न धुता फ्रान्सला पाठवली. पुढे या पिक्चरवरच्या पुस्तकावर अश्लीलतेचा खटला चालला, ओशिमा कोर्टात पाय रोवून उभा राहिला आणि निर्दोष सुटला. त्याबद्दल मला खरंच आदर आहे, सेन्सॉरशी असं भांडायला हवंच. पण काही सीन मला बघवले नाहीत, आणि हिरॉइन एइको मात्सुदाचं पुढे काय झालं ते वाचल्यावर तर फारच वाईट वाटलं. लोकांनी तिला नको नको ते बोलून घेतलं, कामं आटली, शेवटी ती देश सोडून युरोपात गेली. हिरो फुजी तात्सुया मात्र आजही मानाने काम करतोय. ओशिमाला तर ७८ मध्ये पुढच्या पिक्चरसाठी कान्सचं डिरेक्टरचं बक्षीस मिळालं.

बंडखोरी त्याची आणि किंमत तिने मोजली, हे काही केल्या माझ्या गळी उतरत नाही. तरी पण ‘शोनेन’ परत लागला तर मी परत जाणार, आणि तुम्हाला कुठे मिळाला तर जरूर बघा, फक्त लहान मुलांना घेऊन बसू नका.