बर्क कॉक्रन यांच्याविषयी

आज वकिलीच्या परीक्षेचा अभ्यास करताना विजेच्या खुर्चीच्या शिक्षेला आव्हान देणाऱ्या १८९०च्या केम्लर खटल्याशी अडखळलो आणि उरलेली दुपार न्यूयॉर्कच्या वाचनालयात त्यातील वकील बर्क कॉक्रन या एकाच माणसामागे गेली. आयर्लंडमधील स्लायगो परगण्यात १८५४ साली जन्मलेला हा कॅथलिक मुलगा सतराव्या वर्षी एकटाच न्यूयॉर्कला आला, शाळेत शिकवता शिकवता कायदा शिकला आणि १८७६ साली वकील झाला. पुढे ते अमेरिकी काँग्रेसवर, म्हणजे तिथल्या संसदेवर, अनेकदा निवडून गेले.

मला मात्र त्यांच्या भाषणांपेक्षा ती उलटतपासणी अधिक भावली. विजेच्या खुर्चीची शिक्षा क्रूर ठरते, असे खुनाबद्दल दोषी ठरलेल्या विल्यम केम्लरच्या वतीने मांडताना त्यांनी साक्षीला आलेल्या प्रत्यक्ष एडिसनला विजेविषयी प्रश्न विचारले. कॉक्रन यांचे शुल्क एडिसनची प्रतिस्पर्धी वेस्टिंगहाउस कंपनी देते, अशी तेव्हा बरीच कुजबुज झाली, आणि ती अगदीच निराधार असेल असे मलाही वाटत नाही. दावा ते हरले. ६ ऑगस्ट १८९० रोजी ऑबर्नच्या तुरुंगात केम्लरला देण्यात आलेली ती शिक्षा पहिल्या झटक्यात पूर्णही झाली नाही.

१९०१ साली नोत्र दाम विद्यापीठाने कॉक्रन यांना लेटारे पदक दिले, जे अमेरिकी कॅथलिकांसाठी मोठ्या मानाचे समजले जाते. गंमत म्हणजे, फिलिपिन्स ताब्यात घेण्यास कडाडून विरोध करणाऱ्या या आयरिश माणसाला साम्राज्याचा कट्टर अभिमानी चर्चिल वक्तृत्वातील गुरू मानत असे आणि १९४६च्या अमेरिकेतील फुल्टन येथील भाषणातही त्याने त्यांचे नाव घेतले.

वाचनालय बंद होण्याची घंटा झाली, तेव्हा माझ्या वहीत परीक्षेचे एकच पान भरलेले होते.