ठोका गिअरबॉक्सचाच आहे का?

ऑटोमॅटिक फोर बाय फोर गाडीच्या पोटातून ठकठक ऐकू येऊ लागली की पहिला संशय गिअरबॉक्सवर जातो आणि एकदा संशय गेला की खर्चाचा आकडा थेट लाखात बोलला जातो. माझ्या जुन्या डिझेल गाडीच्या बाबतीत असेच झाले. गगनबावड्याहून करूळ घाट उतरून परत आल्यानंतर गरम इंजिनावर, गाडी उभी असताना, दोन्ही पुढच्या सीटच्या मधून ठोके ऐकू येऊ लागले. शहरातल्या एका वर्कशॉपने गाडी रॅम्पवर न घेताच गिअरबॉक्सची असेंब्ली बदलण्याचा सल्ला दिला. घरच्यांनी ‘ऑटोमॅटिक घेतलीच कशाला’ हा प्रश्न नव्याने काढला. मला मात्र असेंब्लीचा सल्ला पटला नाही, कारण आवाज कोणत्या भागातून येतो हे सांगण्याआधी तो कशाच्या फेऱ्यांबरोबर वाढतो-कमी होतो हे कोणीच पाहिलेले नव्हते.

ही तपासणी अगदी साधी आहे. गाडी उभी असतानाही ठोका ऐकू येत असेल, तर चाके, अ‍ॅक्सल आणि प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब दांडा) हे संशयितांच्या यादीतून लगेच बाहेर पडतात. उलट ठोका फक्त चालत्या गाडीत येत असेल, तर तो मोजावा. आपल्याकडच्या मोठ्या एसयूव्हींच्या टायरचा परीघ साधारण अडीच मीटर असतो, म्हणजे ताशी 10 किलोमीटरला चाक सेकंदाला एक फेरा मारते. डिफरन्शियलचे, म्हणजे शाफ्टची ताकद दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरसंचाचे, गुणोत्तर चारच्या आसपास असेल, तर त्याच वेळी प्रॉपेलर शाफ्टचे चार-साडेचार फेरे होतात. इतका फरक कानालाही कळतो. सेकंदाला एक ठोका पडत असेल तर चाकाकडे, हबकडे (चाक ज्यावर बसते तो मधला भाग) किंवा चाकाच्या बाजूच्या शाफ्टकडे पाहावे आणि चार पडत असतील तर प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसकडे, म्हणजे त्याच्या टोकाच्या लवचिक सांध्याकडे, पाहावे. ताशी 40 किलोमीटरच्या वेगाने मोजायला गेल्यास काहीच हाती लागत नाही, त्यामुळे ही परीक्षा मोकळ्या, सपाट रस्त्यावर आणि कासवगतीने करावी.

माझ्या गाडीचा ठोका उभ्या गाडीतला होता आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की त्याची लय इंजिनाबरोबर चढत होती. पार्क आणि न्यूट्रलमध्ये तो स्पष्ट येई. ब्रेक घट्ट दाबून डी (ड्राइव्ह) मध्ये टाकले की बराच दबत असे. हा तपशील मला सर्वांत मोलाचा वाटतो. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे टॉर्क कन्व्हर्टर असतो. समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांपैकी एक चालू केला की दुसराही फिरू लागावा, तसे त्यातले एक चक्र तेलाच्या जोरावर दुसऱ्याला फिरवते. न्यूट्रलमध्ये ही दोन्ही चक्रे जवळजवळ एकाच वेगाने फिरतात. डी मध्ये ब्रेक दाबला की गिअरबॉक्सकडचे चक्र थांबते आणि इंजिनाकडचे फिरत राहते. म्हणून कन्व्हर्टरच्या आतले बेअरिंग गेले असेल तर आवाज डी मध्ये वाढायला हवा. माझ्याकडे तो कमी होत होता, म्हणजे भार आल्यावर काहीतरी एका बाजूला दाबून घट्ट बसत होते आणि भार नसताना मोकळे वाजत होते.

तसा भाग म्हणजे फ्लेक्स प्लेट. साध्या गिअरच्या गाडीत जिथे जड फ्लायव्हील असते, तिथे ऑटोमॅटिकमध्ये ही पातळ पोलादी चकती क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याला, बोल्टने बसवलेली असते आणि तिच्या बाहेरच्या बाजूला कन्व्हर्टर जोडलेला असतो. तिला क्रँकच्या बोल्टांभोवती तडा गेला, किंवा कन्व्हर्टरचे बोल्ट सैल झाले, तर येणारा आवाज पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या खराब बेअरिंगसारखा घुमतो. त्यामुळे चांगल्या इंजिनाचेही हेड उतरवले गेल्याची उदाहरणे गॅरेजच्या गप्पांत निघतात.

इंजिनाची शंका मिटवण्यासाठी मी गाडी कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींकडे नेली. या भागाचा फायदा असा की गाडी दुरुस्त करणारा, टर्नर आणि बोअरिंगवाला हे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर सापडतात. मिस्त्रींनी स्कॅनर लावून एकेक इंजेक्टर बंद करून पाहिला. रॉडचे बेअरिंग गेले असते, तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर बंद होताच ठोका मऊ पडला असता. चारही सिलिंडरना तो तसाच राहिला. मग त्यांनी एक लांब सळी आधी इंजिनच्या संपाला (खालच्या तेलाच्या भांड्याला), नंतर बेल हाउसिंगला (कन्व्हर्टरवरच्या घंटेसारख्या आवरणाला) आणि शेवटी ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीला) टेकवून दुसरे टोक कानाशी धरले.

‘‘साहेब, बॉक्स काय बोलत न्हाई. ह्ये मधलंच बोलतंय,’’ ते म्हणाले.

बॅटरीची तार काढून, बेल हाउसिंगखालचे छोटे झाकण उघडून, क्रँक पुलीचा बोल्ट पान्याने हळूहळू फिरवत आम्ही टॉर्चच्या उजेडात फ्लेक्स प्लेट पाहिली. कन्व्हर्टरचे बोल्ट घट्ट होते. प्लेटच्या मधल्या भागात मात्र दोन बोल्टांच्या दरम्यान केसाएवढी काळी रेघ होती आणि तिच्या कडेला गंजाची बारीक, तांबूस पूड जमली होती. दोन धातू एकमेकांवर घासले की अशी पूड होते. नुसत्या ओरखड्याला ती येत नाही.

गिअरबॉक्स खाली उतरवल्यावर कारणही दिसले. इंजिन आणि गिअरबॉक्स एका रेषेत बसावेत म्हणून त्यांच्या जोडावर दोन डॉवेल पिना असतात. त्यांपैकी एक जागेवर नव्हती. माझ्या आधीच्या मालकाकडे असताना बॉक्स कधीतरी उतरला होता आणि चढवताना पिन राहिली असावी. रेष किंचित जरी चुकली, तरी चकती प्रत्येक फेऱ्यात थोडी वाकते आणि कधीतरी तडकते. नुसती नवी प्लेट घातली असती, तर तीही काही महिन्यांनी तशीच तडकली असती. म्हणून मी पिन बसवून घेतली आणि शेजारच्या टर्नरचे डायल गेज (बारीक वाकडेपणा मोजणारे काट्याचे मापक) आणून नवी प्लेट सरळ फिरते का, हेही पाहून घेतले. बॉक्स चढवताना कन्व्हर्टर आतल्या पंपात पूर्ण बसणे फार महत्त्वाचे असते. बेल हाउसिंग इंजिनाला टेकल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे आणि त्याच्या व प्लेटच्या मधे थोडी फट राहिली पाहिजे. फट नसताना बोल्ट आवळून दोन्ही भाग ओढून आणले तर पंप फुटतो, आणि मग खरोखरच असेंब्लीचा खर्च येतो.

बॉक्स खाली होता तेव्हा तेलाचे पॅनही काढले. पॅनमधल्या लोहचुंबकावर राखाडी, बोटाला मऊ लागणारा लेप होता, तेवढा असतोच. खरखरीत कण किंवा पितळी चमक दिसली असती, किंवा तेलाला जळका वास असता, तर माझे मत बदलले असते.

चालत्या गाडीतले ठोके हा वेगळा विषय आहे, तरी फोर बाय फोरवाल्यांना एक सांगणे गरजेचे वाटते. पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मधे डिफरन्शियल नसलेल्या गाड्यांत 4एच (चारही चाकांना ताकद) लावून कोरड्या डांबरी रस्त्यावर वळण घेतले, तर पुढच्या आणि मागच्या चाकांच्या वेगातला फरक मुरायला जागा उरत नाही आणि गाडी धडधडते. तो बिघाड नसून वापरातली चूक आहे. पन्हाळ्याला जाताना पाऊस थांबून रस्ता सुकला की लिव्हर 2एच (फक्त दोन चाकांना ताकद) वर आणावा. पी (पार्क) मधून आर (रिव्हर्स) किंवा डी घेताना एकच ‘धप्’ येत असेल, तर न्यूट्रलमध्ये चाकांना ठोकळे लावून प्रॉपेलर शाफ्ट हाताने हलवून पाहावा आणि बॉक्सखालचे रबरी माउंटिंग फाटले आहे का तेही तपासावे. खालचे संरक्षक पत्रे दगड लागून वाकले की तेही क्रॉसमेंबरवर (चॅसीच्या आडव्या पट्टीवर) आपटतात.

माझ्या गाडीत प्लेट बदलल्यावर उभ्या गाडीतला ठोका गेला. डी घेताना एक हलका धक्का उरला होता; तो मागच्या शाफ्टच्या सरकत्या जोडात ग्रीस भरल्यावर कमी झाला. पुढच्या शाफ्टच्या एका क्रॉसच्या कपाभोवती तशीच तांबूस पूड दिसू लागली आहे, त्यामुळे पावसाळ्याआधी तो बदलून घेणार आहे.