तुम्ही विचारलंत म्हणून: ज्यू-ख्रिस्ती बायका काझीकडे का जायच्या?

इस्तंबूल, जेरुसलेम, सायप्रस इथल्या काझींच्या, म्हणजे शरियाप्रमाणे निवाडा करणाऱ्या न्यायाधीशांच्या, जुन्या दप्तरांविषयी मी बोलायला लागले की हा प्रश्न येतोच. "ज्यू आणि ख्रिस्ती बायका शरिया न्यायालयात? त्यांना ओढून नेत असतील."

बहुतेक जणी आपल्या पायांनी गेल्या. तुर्की सुलतानांच्या ऑटोमन राज्यात लग्न, वारसा असे घरचे तंटे आपापल्या धर्मगुरूंपुढे मिटवायची मुभा होती, आणि काझीचं दारही उघडं होतं.

हिशेबच मांडून बघा. एक ज्यू माणूस वारला; मागे बायको, एक मुलगा, एक मुलगी. ज्यू धर्मशास्त्रात मुलगा असला की मुलगी वारस नाही. लग्न होईपर्यंत तिचं पोट भरायचं, लग्न लावून द्यायचं, संपलं. विधवाही वारस नाही, लग्नाच्या करारात लिहिलेली रक्कम मात्र तिची. काझी त्याच मालमत्तेचे 24 भाग करी : बायकोला 3, मुलीला 7, मुलाला 14. भावाच्या निम्मेच, पण त्या सात भागांसाठी मुलगी उंबरा ओलांडायची.

घटस्फोटाचंही तसंच. ज्यू बाईला सोडचिठ्ठी नवऱ्याच्याच हातून मिळायची, चर्च तर सहजी सोडवतच नसे. काझीपुढे मेहरवर, म्हणजे नवऱ्यानं लग्नात कबूल केलेल्या रकमेवर, पाणी सोडून, नवऱ्याला राजी करून मोकळं होता यायचं. धर्मगुरू अर्थातच चिडायचे. ऑटोमनांच्याही आधी, अकराव्या-बाराव्या शतकातल्या कैरोत, परक्या न्यायालयात गेलात तर वाळीत टाकू असे इशारे दिले जात. तरी लोक जात राहिले.

काझीचा न्याय समान होता असं मी म्हणणार नाही. मुसलमानाविरुद्ध बिगरमुसलमानाची साक्ष चालत नसे, आणि बाईची साक्ष पुरुषाच्या निम्मी.

मला या दप्तरांत सगळ्यात जास्त अडवून धरतात त्या तडजोडीच्या नोंदी. बहीण आपला हिस्सा भावाला सोडते आणि काझीचा कारकून लिहून ठेवतो : बदल्यात किती रोकड घेतली, साक्षीला कोण होते. ते वाचताना मला माझी आत्या आठवते. आजोबांच्या जमिनीवरचं हक्कसोडपत्र तिनं साडीचोळी घेऊन सही केलं. त्या कागदावर एक शब्द आधीच छापलेला होता : विनामोबदला.